सर्किट बरोबर हाय

भाऊ, तुझ्या क्लासच्या पोरांनी माझ्याकडे दोन पानं मागितली आहेत. तुझ्या आठवणींची पुस्तिका काढून राहिले ते. "ताई, सरांबद्दल चांगलं चांगलं लिहा," असं त्यातला एक जण फोनवर म्हणाला. मी हो म्हटलं. आता लिहायला बसले तर चांगलं काही हाताला लागत नाही, आणि जे लागतं ते ही पोरं छापणार नाहीत. म्हणून तुलाच लिहिते. तू वाचणार नाहीस हे माहीत आहे. जिवंत होतास तेव्हा तरी माझं कुठे ऐकलंस?

सतरा दिवस झाले तुला जाऊन. तेरवी झाली, पाहुणे आपापल्या गावाला गेले. येणाऱ्या प्रत्येकाने मला एकच गोष्ट सांगितली, की रेखलाल मास्तरसारखा माणूस होणे नाही. शांत, सरळ, कोणाच्या अध्यात ना मध्यात. मी मान हलवत होते. मेल्यावर माणूस देव होतो, त्याला कोण काय करणार? समोर तुझा हार घातलेला फोटो होता, आणि त्याच्याकडे बघून मला रडू यायच्या आधी राग येत होता. बारा वर्षं मला तुझ्या तोंडून एक वाक्य ऐकायचं होतं. माझं नाव घेऊन, "पुस्तकला, त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं." बस, एवढंच. माफी नको होती, रडणं नको होतं. ते वाक्य न बोलताच तू गेलास, आणि वर लोक म्हणतात शांत माणूस होता. शांत नव्हतास तू. गप्प होतास. दोन्हींत फरक आहे.

आपला क्लास तुला आठवतो तसाच मलाही आठवतो. केशोरीतल्या घराची रस्त्याकडची खोली, चार जुने कॉम्प्युटर, आणि दारावर तू स्वतः रंगवलेली पाटी. मी गोंदियाला बीएस्सी करून आले होते. मला शिकायला पाठवायला बाबूजी तयार नव्हते, तेव्हा तू तीन दिवस जेवला नव्हतास. हे मी विसरले नाही. ते विसरले असते तर पुढचं सारं सोपं गेलं असतं.

मे महिन्यात ती खोली भट्टी व्हायची. कॉम्प्युटर तापून बसायचे, म्हणून प्रत्येकाच्या डब्याला तू एकेक जादा पंखा बसवलास. पण विजेचा दाब इतका कमी, की चारही पंखे आणि चारही दिवे एकदम चालवले की पडदे थरथरायचे. तेव्हा तुझ्या डोक्यात आलं, की जो कॉम्प्युटर वापरात आहे त्याचाच पंखा आणि त्याच्याच डोक्यावरचा दिवा चालू ठेवायचा, आणि हे सारं कॉम्प्युटरनेच करायचं. सर्किट तू बनवायचं, प्रोग्राम मी लिहायचा. प्रिंटरची तार जिथे लागते त्या पोर्टमधून आठ हुकूम बाहेर काढायचे, चार पंख्यांना, चार दिव्यांना. मी किती खूश होते ते तू पाहिलं होतंस. पंधरा दिवस मी दुसरं काही बोलले नाही.

अर्जुनीहून गाडी धरून तू गोंदियाला जायचास आणि खिशात रिले, आयसी, तारा घेऊन यायचास. आणि तो गंज! सर्किटची पाटी आम्लात बुडवून तांबं उतरवायचं होतं. प्लास्टिकचं भांडं घे म्हणून मी सांगितलं, तर तू मायचा भात शिजवायचा जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, गंज उचललास. दोन मिनिटांत पाणी उकळायला लागलं, खोलीभर धूर, आणि गंजाच्या बुडाला चाळणी. माय दारात उभी राहून गंजाकडे बघत होती. तू म्हणालास, "माय, सर्किट तर बरोबर निघालं." त्या संध्याकाळी तुझ्या ताटात तिने भात वाढलाच नाही, म्हणाली सर्किट खा. मी हसून हसून बेजार झाले होते. तेव्हा मला कळायला पाहिजे होतं, की तू दुसऱ्याच्या वस्तूला हात लावताना विचारत नाहीस.

आपलं भांडण कशावरून झालं हे गावात कोणाला माहीत नाही, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते. रिले म्हणजे चुंबकाने ओढला जाणारा छोटा खटका. त्याच्या एका टोकाला पंख्याची तार जोडली, तर कॉम्प्युटरचा हुकूम आल्यावर पंखा फिरतो. दुसऱ्या टोकाला जोडली तर उलटं. पंखा आपोआप फिरत राहतो आणि हुकूम आला की थांबतो. आपण पहिल्या टोकाला जोडली होती आणि मी प्रोग्रामही तसाच लिहिला होता. मग एका दुपारी वीज लपकली, क्षणभर जाऊन आली, प्रोग्राम अडकून बसला, पंखे थांबले आणि कोपऱ्यातला कॉम्प्युटर जळाला.

तू लगेच म्हणालास की पंख्यांच्या तारा दुसऱ्या टोकाला लावू. का, तर बाबूजींनी शिकवलेलं. इटियाडोह धरणाच्या नहरावर त्यांची सारी नोकरी गेटची चौकीदारी करण्यात गेली. धानाच्या बांधीला, भाताच्या खाचराला, पाणी बाहेर जायची वाट ते कधी बुजवू द्यायचे नाहीत. राखणारा झोपला तरी पाणी वाहून गेलं पाहिजे, नाही तर बांध फुटतो, हे आपण दोघंही त्यांच्याकडून लहानपणापासून ऐकत आलो होतो. तू म्हणालास, "प्रोग्राम म्हणजे चौकीदार. चौकीदार झोपला तर पंखा चालत राहिला पाहिजे. दिवा इझला तर कोणी मरत नाई."

मी चिडले. माझा प्रोग्राम झोपतो असं कोणी म्हटलेलं मला सहन होईना. अडकला तो विजेमुळे, माझ्यामुळे नाही, असं मी म्हटलं. तारा बदलल्या तर प्रोग्रामातल्या चार ओळी बदलाव्या लागतील आणि त्या मी बदलणार नाही, असंही म्हटलं. तू म्हणालास ठीक हाय. तुझं 'ठीक हाय' म्हणजे काय असतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

आठ दिवसांनी तो कार्यक्रम. सरपंच, शाळेचे हेडमास्तर, अर्धं गाव, आणि गोंदियाच्या कॉलेजातले एक प्राध्यापक, जे बाबूजींच्या ओळखीचे होते. नागपूरला एमसीएला माझा नंबर लागला होता. बाबूजी म्हणाले होते, प्राध्यापकसाहेब पाहतील, ते म्हणाले की पोरगी हुशार हाय तर पाठवीन. ते शब्द तू ऐकले होतेस. त्या दिवशी त्या खोलीत माझं काय पणाला लागलं होतं हे बाबूजींखेरीज फक्त तुला माहीत होतं.

मी दिव्यांपासून सुरुवात केली. बटण दाबलं, दिवा लागला. चारही बटणं, चारही दिवे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग मी पहिल्या पंख्याचं 'चालू' दाबलं आणि फिरणारा पंखा थांबला. पाहुण्यांसाठी आणलेल्या कूलरच्या आवाजात तो आधीपासून फिरत होता हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी 'बंद' दाबलं, तो सुरू झाला. दुसरा तसाच. तिसरा तसाच. मागून कोणीतरी म्हणालं, पोरीनं उलटंच शिकवलं कॉम्प्युटरले, आणि सारी खोली हसली. प्राध्यापक चांगला माणूस होता. "होता है बेटा, लॉजिक उल्टा हो गया," असं म्हणाला आणि चहाचा कप घेतला.

मी तुझ्याकडे पाहिलं. तू भिंतीला टेकून उभा होतास, हातात स्क्रू पिळायचा पेचकस. मला अजून तो पेचकस दिसतो, पिवळ्या मुठीचा. एक वाक्य पुरलं असतं: तारा मी बदलल्या, तिचा प्रोग्राम बरोबर आहे. सरपंचाला समजलं नसतं, पण प्राध्यापकाला समजलं असतं. तू काय म्हणालास? "मी पाहून घेतो." साऱ्यांसमोर, बहिणीचं झाकून घेतो आहेस अशा आवाजात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू माझ्या प्रोग्रामिंगच्या पुस्तकात बघून पडद्यावरच्या बटणांची नावं बदललीस. 'चालू'च्या जागी 'बंद', 'बंद'च्या जागी 'चालू'. झालं. गावभर बोभाटा झाला की बहिणीचा प्रोग्राम फसला होता, भावाने एका रात्रीत सुधारला. मी दोन दिवस ओळ न् ओळ तपासली. चूक नव्हती. तुला विचारलं, तू तारांना हात लावला काय? तू म्हणालास, "सर्किट बरोबर हाय." खोटंही बोलला नाहीस. सर्किट बरोबरच होतं. सर्किटचा डबा तू चिकटवून भिंतीवर उंच ठोकला होतास आणि मी तुझ्यावर विश्वास ठेवला. स्वतःवर ठेवला नाही.

नागपूरची फी भरायची तारीख निघून गेली. बाबूजी म्हणाले, राहू दे बाई, झालं तेवढं शिक्षण पुरे हाय. पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. नवरा वाईट नाही, हे सांगून ठेवते, नाही तर लोकांना वाटेल की त्याच्यामुळे चिडकी झाले. आमगावच्या एका शाळेत मी पोरांना कॉम्प्युटर शिकवते. शिकवते म्हणजे पडद्यावर घर काढायला आणि त्यात लाल रंग भरायला लावते. अकरा वर्षं झाली, घरं काढूनच राहिले आहेत.

त्या कार्यक्रमानंतर तीन वर्षांनी राखीला आले तेव्हा एक रिले बिघडला म्हणून तू डबा खाली काढला होतास. तू चहाला आत गेलास आणि मी पाहिलं. चारही पंख्यांच्या तारा दुसऱ्या टोकाला. जुन्या जागी डागाचा ठिपका तसाच होता, तू तो पुसायची तसदीही घेतली नव्हतीस. तू बाहेर आलास, माझं तोंड पाहिलंस, आणि काय म्हणालास? "मग? प्रोग्राम बसला तर मशीन जळू द्यायची काय?"

तेव्हापासून बारा वर्षं, दरवर्षी तेच. मी राखी बांधायची, तू ओवाळणी घालायची, आणि मग मी विचारायचं की त्या दिवशी तू बोलला काऊन नाही. तू दर वेळी तारांचंच उत्तर द्यायचास. त्या सर्किटवर नंतर एकही मशीन जळाली नाही, असं सांगायचास. अरे, ते मी मान्य केलं होतं! तारा तिथेच पाहिजे होत्या. तू बरोबर होतास, मी हट्टी होते, हे मी तुला दुसऱ्याच वर्षी सांगून टाकलं. पण माझा प्रश्न तारांचा नव्हता, आणि तू इतका भोळा नव्हतास की तुला ते कळू नये. मी ओरडायचे, वहिनी आतून डोकावायची, आणि तू राखीचा गोंडा बोटाने फिरवत बसायचास. शेवटच्या राखीला तर मी म्हटलं, पुढच्या वर्षी येणार नाही. तू म्हणालास, "ये. भांडाले तरी ये." आता काय, कोणाशी भांडू?

तेरवीच्या पंगतीत शेजारच्या काकांनी तीच गोष्ट काढली. पाहुण्यांना सांगून राहिले होते, की रेखलाल इतका मोठ्या मनाचा, बहिणीचा प्रोग्राम साऱ्या गावापुढे फसला पण त्याने तिला एका शब्दाने दुखावलं नाही. मी वाढत होते. हातातलं वरणाचं भांडं मी खाली ठेवलं आणि मागच्या अंगणात जाऊन उभी राहिले. तेव्हाच ठरवलं, बाबूजींना आता सांगायचं. पोरगा गेलेल्या बापाला असं सांगू नये, हे मला कळतं. पण ते ऐंशीला टेकले आहेत आणि तुझ्यामागोमाग तेही मला मूर्ख समजतच गेले असते. ते मला होऊ द्यायचं नव्हतं.

पाहुणे गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ते घरापुढच्या सपरीत खाटेवर एकटेच बसले होते. मी खाली बसले आणि सारं सांगितलं. रिले, तारा, बटणांची नावं, सारं. ते नहराच्या दिशेने बघत होते. माझं झाल्यावर म्हणाले, "मले माहीत हाय, बाई."

मला वाटलं, तू कधीतरी सांगितलं असशील. विचारलं, कधीपासून?

"त्याच दिवशी. तू बटण दाबाच्या आंधीच पंखे फिरून राहिले होते. चौकीदार नसताना वाट मोकळी कोण ठेवते? माह्याजवळ शिकलेला. दुसरं कोण?"

मग बोलले काऊन नाही, बाबूजी? मी हे फार हळू विचारलं. बारा वर्षं जो प्रश्न तुला ओरडून विचारला, तोच.

ते म्हणाले, "बोललो असतो तर तुले नागपूरले पाठवा लागलं असतं. मले नव्हतं पाठवाचं." आणि थोड्या वेळाने, "संध्याकाळी तो सांगाले आला होता माह्याकडे. रडत होता. म्हणे सकाळी साऱ्या गावाले सांगतो. मीच म्हटलं, आता झालं ते झालं, तोंड उघडशील तर क्लासची खोली खाली कर. पुस्तकलालेही सांगू नको. ती मले कधी माफ करणार नाई."

मी तिथून उठले आणि तुझ्या क्लासमध्ये गेले. तू गेल्यापासून कोणी ती खोली उघडली नव्हती. तू अजून तोच जुना कॉम्प्युटर पंख्यांसाठी ठेवला होतास. मी सर्किटच्या डब्याचं बटण दाबलं, आणि कॉम्प्युटर सुरू व्हायच्या आधीच चारही पंखे फिरायला लागले. जाळी धुळीने भरलेली, तरी फिरून राहिले. मी तुझ्या खुर्चीवर बसले आणि मोठ्याने रडले, आणि रडता रडता तुला शिव्या दिल्या. वहिनी दारापर्यंत येऊन परत गेली.

कारण आता मला कळलं, भाऊ, आणि कळल्यावर तुझा राग दुप्पट झाला. बाबूजींवरही आहे. पण ते खोटं बोलले नाहीत, मी विचारलं आणि त्यांनी सांगितलं. मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं, कारण मला दोषी सापडला होता. तू तारा बदलल्यास तेव्हा मला विचारलं नाहीस, आणि माझं भांडण बदललंस तेव्हाही नाही. जी तार बाबूजींकडे जायला पाहिजे होती ती काढून तू स्वतःला जोडून घेतलीस आणि वरून डबा चिकटवून टाकलास. त्या दिवशी मला खरं कळलं असतं तर मी बाबूजींशी भांडले असते. तू तीन दिवस जेवला नव्हतास, मी सात दिवस नसते जेवले. कदाचित गेले असते नागपूरला. कदाचित नसते. पण योग्य माणसाशी भांडले असते. तो माझा हक्क होता. खोलीसाठी गप्प बसलास की बाप-लेकीचं तुटू नये म्हणून, हेही आता तुला विचारता येत नाही. मला वाटतं दोन्हींसाठी. आणि दर राखीला "भांडाले ये" म्हणणारा तू, तुला माहीत होतं की हे भांडण तुझं नव्हतंच. तरी बारा वर्षं ऐकून घेतलंस. याला लोक मोठं मन म्हणतील. मी नाही म्हणणार. मला तुझा त्याग नको होता, मला माझी गोष्ट खरी हवी होती.

तीन दिवस न जेवता मला गोंदियाला पाठवणारा भाऊ मला फार आठवतो. तो कुठे गेला ते मला कळलं नाही.

काल पोरांना फोन केला. म्हटलं, दोन पानं जमत नाहीत, दोन ओळी छापा, पहिल्या पानावर, ठळक. त्यांनी लिहून घेतल्या. "क्लासमधल्या पंख्यांचा आणि दिव्यांचा प्रोग्राम माझी बहीण पुस्तकला हिने लिहिला. त्यात चूक नव्हती, तारा मी बदलल्या होत्या, आणि त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं." पोरगा घुटमळला. म्हणाला, ताई, हे तर सरांनी लिहिल्यासारखं वाटतं, खाली नाव कोणाचं टाकू?

तुझं टाकायला सांगितलं. पहिली प्रत बाबूजींना वाचून दाखवा, असंही सांगितलं. तुला विचारलं नाही.